‘तिथं’ म्हणजे कुठं?

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, २६ वर्षं झाली. गरोदर बायांची नोंद, लेकरांची वजनं, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं, असलं सगळं. ‘अंगावर पांढरं जातं का, लघवीला जळजळ होते का’ हे प्रश्न मी शेकडो बायांना विचारलेत. स्वतःला खाज सुटली तेव्हा मात्र पाच महिने तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हाही नीट सांगितलं नाही. ती खाज शेवटी लघवीच्या जागेच्या बाहेरच्या कातडीचा कॅन्सर निघाली, त्याचीच ही हकिकत. मी बोलले आणि मुलीनं टाइप केलं. दोन ठिकाणी ती थांबून म्हणाली, "आई, हे पण लिहायचं?" हो, हे पण लिहायचं.

२०२३ ची शिवरात्र झाली आणि खाज सुरू झाली. लघवीच्या जागेच्या डाव्या बाजूला, बाहेरच्या कातडीला. दिवसा कामाच्या नादात कळायचं नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जीव नकोसा व्हायचा. माझी पाळी कधीच थांबलेली, कारण ३९ व्या वर्षी, म्हणजे २००९ मध्येच माझी पिशवी काढली होती. आमच्या भागात हे नवल नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं चौकशी समिती नेमली, तेव्हा पेपरात आकडे वाचून शहरातले लोक हबकले. आम्हाला त्यात नवीन काहीच नव्हतं. पण पिशवी गेली की बाईचं दुखणंच गेलं, हा समज त्याच्याबरोबर घट्ट बसलाय. माझ्याही डोक्यात तेच होतं. आता बायांचा कसला आजार होणार मला?

पहिलं मलम मेडिकलवरून आणलं, ९५ रुपयांचं. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. जुलैमध्ये तालुक्याला एका दवाखान्यात गेले. "काय होतंय?" "तिथं खाज येते." बास, एवढंच आमचं बोलणं. शुगर तपासली, नॉर्मल आली. बुरशी आहे म्हणून गोळ्या आणि दुसरं मलम दिलं. टेबलावर झोपा, बघू द्या, असं कुणी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही की बघा. उलट बघितलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. नंतर आणखी एक दवाखाना केला, तिथंही तसंच. मलमाच्या पाच-सहा ट्यूबा झाल्या. एक सांगते, बुरशीच्या खाजेला दोन-तीन आठवड्यांत उतार पडायला पाहिजे. नाही पडला तर मलम बदलत बसू नका, जागा दाखवा.

मार्च २०२४ मध्ये अंघोळ करताना हाताला टरटरीत लागलं. वाटाण्याएवढी गाठ, वरून चामखिळीसारखी. आजूबाजूची कातडी पातळ, पांढरट झालेली, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी स्वतः बघितलंच नव्हतं. ५४ वर्षांच्या आयुष्यात मी ती जागा कधी आरशात पाहिली नव्हती. मे महिन्यात गाठीला जखम झाली, परकराला रक्ताचे डाग पडायला लागले. लघवी लागली की मिरची लावल्यासारखी आग. डाग जावेला दिसले. ती म्हणाली, "कामून बोलली नाहीस माय? मी काय परकी हाव का?" आणि तिनंच मला ओढत परभणीला बाईडॉक्टरकडं नेलं.

तिथल्या सिस्टरनं केसपेपर लिहिताना विचारलं, काय त्रास? मी म्हटलं, "तिथं गाठ आहे."

"तिथं म्हणजे कुठं?"

मला शब्दच येईना. आपल्या भाषेत त्या जागेला एक तर शिवी आहे नाही तर पुस्तकातला संस्कृत शब्द. शेवटी मी बोट दाखवलं. तिनं शांतपणे लिहिलं, ‘व्हल्वा’. म्हणजे बाहेर दिसतो तो सगळा भाग, मोठे आणि लहान ओठ, लघवीच्या भोकाच्या आजूबाजूचा. योनी आत असते, गर्भाशयाचं तोंड त्याच्याही आत. पिशवी काढली तरी हा बाहेरचा भाग तसाच राहतो आणि त्याला त्याचा स्वतःचा कॅन्सर होऊ शकतो. २६ वर्षं बायांना आरोग्य शिकवणाऱ्या मला हे त्या दिवशी कळलं.

डॉक्टर बाईंनी पाच मिनिटं नीट पाहिलं, जांघेत दोन्हीकडं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, तुकडा घ्यावा लागेल. ११ जून २०२४ ला बायोप्सी झाली. सुई टोचून जागा बधिर करतात, ती सुई मात्र झोंबते. नंतर पंच नावाच्या पेनासारख्या हत्यारानं शेंगदाण्याच्या डाळीएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. दहा मिनिटांचं काम. तुकडा औषधाच्या बाटलीत घालून लॅबला पोचवायचं काम आमचंच होतं. ह्यांनी ती बाटली पेपरात गुंडाळून खिशात ठेवली आणि मोटारसायकल इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले. प्रक्रियेचे ७०० आणि लॅबचे १,५०० रुपये लागले. रिपोर्ट २१ जूनला आला.

मला इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ यातलं अक्षर न् अक्षर लावलं आणि खाली बसले. डॉक्टर बाईंनी पाणी दिलं. हा कॅन्सर दुर्मीळ आहे, कातडीतून उठतो, हळू वाढतो, लवकर सापडला तर चांगला बरा होतो, असं त्यांनी सांगितलं. कारणं मुख्यतः दोन. एक एचपीव्ही हा विषाणू, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरलाही बहुतेक वेळा तोच असतो. दुसरं म्हणजे कातडीचा जुना आजार, लायकेन स्क्लेरोसस. पांढरे चट्टे आणि वर्षानुवर्षं खाज. माझ्या रिपोर्टात त्याच्या खुणा होत्या. हा आजार असलेल्या थोड्याच बायांना पुढं कॅन्सर होतो, पण वेळेत ओळखला तर जोरकस स्टेरॉइड मलमानं आटोक्यात ठेवता येतो. माझ्या पाच-सहा ट्यूबा बुरशीच्या होत्या. असो.

गावात सगळ्यांना सांगितलं, पोटाचा आजार आहे. पुढं ते ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ झालं. ज्यांना माझी पिशवी काढल्याचं माहीत होतं त्यांनीही विचारलं नाही की गर्भाशय आहेच कुठं.

२४ जूनला पहाटेची मराठवाडा एक्सप्रेस धरून छत्रपती संभाजीनगर. या गाडीत अर्धे लोक हायकोर्टाच्या तारखेला आणि अर्धे दवाखान्याला चाललेले असतात, चेहऱ्यावरून फरक कळत नाही. आमखास मैदानाजवळच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात केसपेपर काढला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसायला आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर जायचं. तिथं माझी गाडी अडली. आधारवर मी ‘छाया’ आणि केशरी रेशनकार्डावर ‘छायाबाई’. तुम्हाला हसू येईल, पण या ‘बाई’पायी नऊ दिवस आणि तहसीलच्या तीन चकरा गेल्या. तुमच्याकडं कुणी आजारी असो नसो, आज उठून घरातल्या सगळ्यांची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा. योजनेतून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण नाव जुळलं तर. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात स्लाईड पुन्हा तपासतात, त्यासाठी तो लागतोच. आणि प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

मग तपासण्या. रक्त, एक्सरे, हृदयाची पट्टी, एमआरआयला नऊ दिवसांनंतरची तारीख. जांघेतल्या लसिका गाठींची (कॅन्सर आधी तिकडं पसरतो) सोनोग्राफी करून डावीकडच्या एका गाठीत सुई घातली. व्हल्वावरची मूळ गाठ साधारण अडीच सेंटिमीटरची निघाली. मधल्या रेषेच्या जवळ असल्यामुळं दोन्ही जांघांतल्या गाठी काढायच्या ठरल्या. सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. कॅन्सर लहान असेल, एकच असेल, जांघेत काही लागत नसेल तर कॅन्सर आधी जिथं पोचतो त्या पहिल्या एक-दोन ‘पहारेकरी’ गाठी शोधून तेवढ्याच तपासतात, पायाला सूज येण्याचा धोका त्यानं बराच कमी होतो. माझ्या जांघेतली गाठ आधीच संशयाची असल्यामुळं ती सोय मला नव्हती. तुम्हाला असेल, म्हणून विचारा.

मी विचारलेला प्रश्न वेगळाच होता. "सगळं काढणार का?" पूर्वी सगळं काढायचे, ते म्हणाले, आता गाठ आणि भोवतीची चांगली कातडी एवढंच काढतो, शक्य तेवढं ठेवतो.

२४ जुलैला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही जांघांतून नळ्या, लघवीची पिशवी वेगळी. वॉर्डात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया जास्त होत्या, माझ्यासारखी मी एकटीच. शेजारच्या खाटेवर जालन्याकडची एक आजी होती. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "तुझं कशाचं हाय बाई?" आणि मी पहिल्यांदा खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाहेरूनच दिसतं का? मग बरं हाय की, आमचं तर आत." त्या आजीचं हे वाक्य मला डॉक्टरांच्या सगळ्या धिरापेक्षा जास्त पुरलं.

दहाव्या दिवशी डाव्या जांघेचे टाके उघडले. घाबरून रडले, पण या ऑपरेशनात हे नेहमीचं आहे, जांघेची घडी, घाम आणि चालणं यानं जखम तिथंच उकलते. जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करत आतून भरू देतात. ९ ऑगस्टला घरी पाठवलं. पुढचे पाच आठवडे गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर ड्रेसिंग करायची. तिला नवीन लुगडं नेसवायचं माझं अजून राहिलंय.

घरी आल्यावरची अडचण कुणी सांगत नाही ती ही की आपल्या संडासात उकिडवं बसावं लागतं, आणि टाके असताना उकिडवं बसणं म्हणजे शिक्षा. जावेनं परभणीहून १,१०० रुपयांची प्लास्टिकची कमोड खुर्ची आणली. हे काम ऑपरेशनच्या आधी करा. लघवी करताना मग्यानं कोमट पाणी वरून सोडत राहायचं, आग निम्मी होते. पुसायचं नाही, मऊ सुती कापडानं टिपायचं. आणि आकार बदलल्यामुळं लघवीची धार कुठंही जाते, मांडीवरून वाहते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी संडासात बसून रडले. मुलीनं रॉकेलच्या नरसाळ्यासारखं नवीन नरसाळं आणलं, त्यानं प्रश्न सुटला. (मुलगी थांबली ती इथं.)

गाठींचा रिपोर्ट मध्येच आला होता. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, पण जांघेतल्या डावीकडच्या ११ पैकी २ गाठींत कॅन्सर पोचलेला, उजवीकडच्या ९ स्वच्छ. म्हणजे तिसरी स्टेज आणि रेडिएशन. मला वाटलं होतं काढलं की संपलं. तो आठवडा सगळ्यात वाईट गेला. ऑपरेशनला मी तयार होते, याला नव्हते.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, मी अंगणवाडीत जाऊन झेंड्यापुढं उभी राहिले. मदतनीसबाईंनी माझ्याशिवाय दोन महिने सगळं चालवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून रेडिएशन, एकूण २८ बैठका, सोमवार ते शुक्रवार, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून संभाजीनगरात एक खोली घेतली, सहा-सात आठवड्यांचे ६,००० रुपये. उपचार योजनेत झाले, तरी खोली, खाणं, रिक्षा, ड्रेसिंगचं सामान मिळून आमचे साधारण ५२,००० खर्च झाले. सोयाबीन त्या साली हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. बाकी तुम्ही समजून घ्या. प्रवासात मात्र वाचले. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच, आणि उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते. रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. मला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

मशीनखाली दुखत नाही. बेडकासारखे पाय पसरून दहा-पंधरा मिनिटं स्थिर पडायचं. पहिल्या दिवशी लाजेनं मेले, पाचव्या दिवशी छताच्या फरशा मोजत होते. सिस्प्लॅटिनच्या दिवशी भरपूर पाणी, उलट्यांच्या गोळ्या वेळेवर. भाकरीचा वास नको व्हायचा, ताक-भात जायचा. तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल, चौथ्यात सोललेली. साबण बंद, आतले कपडे बंद, जुनी मऊ सुती साडी आणि खोलीत फॅनपुढं बसणं. लाज बाजूला ठेवून सांगते, फॅनपुढं जागा वाळवल्यानं जेवढा आराम पडला तेवढा कशानंच नाही. फिटकरी, हळद, कोरफड, गावाकडून आलेलं कुठलंही तेल लावू नका. माझ्या मावससासूनं पाठवलेली बाटली मी खिडकीत ठेवली होती, तिच्या समाधानासाठी.

चौथ्या आठवड्यानंतर जखमा इतक्या झाल्या की पाच दिवस थांबावं लागलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही, मध्ये खंड पडलेला चांगला नसतो. त्यामुळं दिवाळी खोलीवरच झाली. ५ नोव्हेंबर २०२४ ला २८ वी बैठक संपली.

त्यानंतरचं ‘बरं होणं’ हे वेगळंच काम आहे. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढं अंतर वाढतं. डाव्या पायाला सूज राहिली. जांघेच्या गाठी गेल्या की पायातलं पाणी वर चढायची वाट कमी होते. जाड घट्ट मोजा घालायचा, रात्री पाय उशीवर. एप्रिल-मेच्या उन्हात हा मोजा घालून बघा म्हणजे कळेल! पण एका दुपारी मोजा न घालता अनवाणी शेतातल्या आखाड्यावर गेले, बाभळीचा काटा रुतला, रात्रीत पाय लाल आणि ताप. चार दिवस सलाईन घ्यावी लागली. तेव्हापासून अनवाणी उंबराही ओलांडत नाही, त्या पायाला साधा ओरखडा आला तरी धुऊन मलम लावते.

आणि नवरा-बायकोचं. (मुलगी इथं दुसऱ्यांदा थांबली आणि उठून चहा करायला गेली, पुढचं मीच कसंतरी टाइप केलं.) रेडिएशननं योनी आकसते, कोरडी होते. रुग्णालयातल्या सिस्टरनं डायलेटर, म्हणजे योनी मोकळी राहावी म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरायला शिकवलं, वर वंगण लावून, हळूहळू. ते फक्त संसारासाठी नसतं, पुढं डॉक्टरांना आतून तपासता यावं म्हणूनही असतं. हे कित्येक महिने ओसरीत झोपत होते. मला वाटलं त्यांना किळस येते. शेवटी मीच विचारलं. ते म्हणाले, "तुला दुखंल म्हणून." एवढं विचारायला आम्ही आठ महिने लावले. पूर्वीसारखं सगळं झालेलं नाही, संवेदना काही ठिकाणी राहिलीच नाही. पण खाट आत आली.

छूत लागते का, कप वेगळा ठेवायचा का, हे विचारणारे भेटलेच. कॅन्सर शेजारी बसून लागत नाही, हे मी आता न चिडता सांगते. गावात खरं नावही सांगून टाकलं, महिला मेळाव्यात, आशाताईंच्या शेजारी उभी राहून. या कॅन्सरसाठी वेगळी अशी चाळणी तपासणी नाही. मशीन लागत नाही, बघणारे डोळे लागतात. महिन्यापेक्षा जास्त खाज, पांढरा किंवा जाड झालेला चट्टा, चामखिळीसारखी गाठ, न भरणारी जखम, पाळी गेल्यावर रक्त, यातलं काही असेल तर टेबलावर झोपून दाखवा, आणि डॉक्टर बघत नसतील तर बघा म्हणा. मेळाव्यानंतर तीन बाया मागं थांबल्या. दोघींना साधी बुरशी होती. तिसरीच्या पांढऱ्या चट्ट्याची बायोप्सी झाली, लायकेन स्क्लेरोसस निघालं, ती आता मलम लावते आणि वर्षातून दोनदा दाखवून येते.

महिन्यातून एकदा स्वतः बघायचं, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय, म्हणून आठवडी बाजारातून ४० रुपयांचा हातातला आरसा आणला होता. नातीनं तो बाहुलीला पावडर लावायला नेला आणि फोडला. काल दुसरा आणला, तो कपाटात वरच्या फळीवर, फाईलच्या मागं ठेवलाय.